एवढा मोठा चेहरा कुणाचा लावायचा

मार्च महिन्यात आमच्या कोल्हापुरातल्या फोटो लॅबमध्ये दोन गर्दी एकदम येतात. एकीकडं लग्नाचे अल्बम, दुसरीकडं आर्ट कॉलेजच्या पोरांची सबमिशनं. अल्बमवाल्याला घाई असली तरी खिशात पैसे असतात, ह्या पोरांना घाईपण असते आणि पैसेपण नसतात, वर पेनड्राइव्हमधला व्हायरस फुकट. तरी खरं सांगू का, मला अल्बमपेक्षा ही पोरं बरी वाटतात, कारण अल्बममध्ये आता बघण्यासारखं काय राहिलेलंच नाही, तोच रंकाळा, तोच न्यू पॅलेस, तोच हवेत उडवलेला पदर. केमिकलच्या मिनीलॅबपासून मी ह्या कामात आहे, आणि प्री-वेडिंगचा फोटो बघून माऊसवरचा हात थांबलाय असं कधी झालेलं नाही. यंदाच्या सबमिशनला थांबला म्हणून लिहितोय.

पोरगी करवीर तालुक्यातलीच, गावाचं नाव लिहीत नाही. सॅकमधनं एक वही काढली आणि म्हणाली काका, आधी हे बघा मग प्रिंटचं बोलू. त्यांच्या सरांनी सांगितलेलं की जगातले आत्ताच्या काळातले, म्हणजे आर्ट म्हणून फोटो काढणारे फोटोग्राफर निवडा, त्यांची माहिती इंटरनेटवरनं उतरवून आणू नका, बघून तुम्हाला काय वाटलं ते लिहा आणि त्याला उत्तर म्हणून स्वतःचा एक फोटो काढा. मला हे काम आवडलं. आमच्या वेळी असं कुणी विचारलं असतं तर आम्ही "छान वाटले" एवढं लिहून मोकळे झालो असतो.

पहिल्या पानावर बेखर नवरा-बायको, जर्मनीतले. १९५९ पासून दोघांनी मिळून पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, गॅसच्या टाक्या असल्या कारखान्याच्या वस्तूंचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले, सगळे समोरनं, सगळ्यांना आभाळ सारखंच पांढरट, आणि मग ते ओळीनं एकत्र लावायचे. १९९० ला व्हेनिसला त्यांना ह्या कामाबद्दल बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं! फोटोला शिल्पाचं बक्षीस, मी दोनदा विचारून घेतलं. तर हिनं काय केलं, आपल्याकडच्या गुऱ्हाळांची धुराडी काढली. नऊ धुराडी, तीन-तीनच्या तीन ओळी. खाली तिनं लिहिलेलं मी टाइप करताना वाचलं ते असं, "बेखर यांना ढगाळ आभाळ जर्मनीत घरबसल्या मिळत होते. आमच्याकडे थंडीत आभाळ निळेभोर असते, म्हणून मला पहाटे धुक्यात जावे लागले. यातील तीन गुऱ्हाळे बंद पडली आहेत. धूर नसल्यामुळे त्यांचा आकार स्वच्छ दिसतो आणि फोटोत तीच जास्त चांगली दिसतात. याचा मला राग आला."

आता बोला. फोटो चांगला आला म्हणून राग आलेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच बघत होतो.

पुढचं पान गुर्स्कीचं. हा बेखरांचाच विद्यार्थी. राइन नदीचा फोटो, १९९९ चा, जवळजवळ १२ फूट रुंद, त्यात खाली हिरवळ, मधे नदीचा सरळ पट्टा, पुन्हा हिरवळ आणि वर करडं आभाळ, बस्स. २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात हा फोटो ४३ लाख डॉलरच्या वर गेला, तेव्हा जगातला सगळ्यात महाग फोटो होता. आणि पलीकडच्या काठावरचं पॉवर स्टेशन, फिरायला आलेली माणसं हे सगळं त्यानं कॉम्प्युटरवर पुसून टाकलेलं. मी म्हटलं अगं हे तर मी रोज करतोय, इलेक्ट्रिकच्या तारा काढतो, मांडवाच्या मागचा टँकर काढतो, एकदा तर घटस्फोट झाला म्हणून एका अख्ख्या अल्बममधनं जावई काढलाय, मला कोण देतंय डॉलर. ती हसली, पण वहीत तिनं लिहिलेलं वाचून मला पुढं काय बोलायला सुचलं नाही. तिथं तिनं उत्तराचा फोटो लावलाच नव्हता, जागा कोरी. "या फोटोत लोकांना शांत वाटते असे म्हणतात. २०१९ च्या पुरात आमच्या पंचगंगेचा काठ असाच सरळ आणि रिकामा दिसत होता. घराच्या माळ्यावरून मी तो बघितला आहे. मला शांत वाटले नाही." शाहूपुरीत राहणाऱ्या माणसाला ह्याच्यावर आणखी काय समजवून सांगायचं.

मी म्हटलं सगळे जर्मनच काय, आपलं कोण हाय का नाही? तर तिनं मोबाईलवर गौरी गिल यांचे फोटो दाखवले, ते तर आपल्या महाराष्ट्रातले निघाले, जव्हारकडचे. तिकडच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून नाचायच्या उत्सवात, देवांचे मुखवटे असतात ना, ते कागदाच्या लगद्यापासून करणारे कोकणा आणि वारली कलाकार, त्यांना ह्यांनी देव सोडून माणसांचे, प्राण्यांचे, रोजच्या वस्तूंचे मुखवटे करायला सांगितलं आणि ते घालून गावातलीच माणसं आपापल्या रोजच्या जागेत उभी. लई भारी काम आहे, शोधून बघा. मी म्हटलं मग ह्याच्यावर कर की. ती म्हणाली, "न्हाई काका, मुखवटा घातला की कोण लाजत न्हाई. मला लाजणारं माणूस पायजे."

मग आलं शेवटचं पान, थॉमस रूफ. हापण बेखरांच्याच हाताखाली शिकलेला. ह्यानं ऐंशीच्या दशकात आपल्या मित्रांचे, बरोबर शिकणाऱ्यांचे फोटो काढले, अगदी पासपोर्टसारखे, समोर बघायचं, हसायचं नाही, रडायचं नाही, मागं साधा पडदा. आधी लहान प्रिंट काढायचा, पुढं पुढं एवढे मोठे केले की एक चेहरा २१० बाय १६५ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ सात फूट उंच! आणि ह्याचं म्हणणं काय तर फोटोत फक्त वरचा पृष्ठभाग दिसतो, आतलं माणूस बिणूस काय दिसत नाही.

पासपोर्ट फोटो म्हणजे आमची रोजीरोटी. भरतीची पोरं, बँकेची कामं, शाळेचे दाखले, दिवसातनं किती निघतात त्याला हिशोब नाही, आणि त्यातला एकही फोटो मी कधी पाच सेकंदांच्या वर बघितलेला नसणार. हिला तसलाच एक चेहरा रूफच्या मापात पाहिजे होता. म्हटलं बाई, आमच्या प्लॉटरचा, म्हणजे मोठ्या प्रिंटरचा, रोल ४४ इंची, आणि तुझ्या कॅमेऱ्याची फाइल २४ मेगापिक्सेलची, सात फुटाला ताणली तर जवळनं फुटणार. फ्लेक्सवर मार, स्वस्तात होईल. फ्लेक्स म्हटल्यावर तिनं असं तोंड केलं की जसं काय मी चहात मीठ घालू का विचारलं. शेवटी ४४ बाय ५६ इंचावर मिटवलं, मॅट पेपर, मागनं सनबोर्ड.

दुसऱ्या दिवशी प्रिंटला आली ती एका म्हाताऱ्या माणसाला गाडीवर मागं बसवून. धोतर, पांढरी टोपी, पायात करकरणारी कापशी चप्पल. तिच्या चुलत्यांच्या गुऱ्हाळावर आयुष्यभर गुळव्या, म्हणजे काहिलीत गूळ शिजवणारा, म्हणून राबलेले आण्णा, चेहरा त्यांचाच होता. सीझन संपत आलेला, मार्केट यार्डात काम होतं, म्हणून हिनं उचलूनच आणलं.

प्रिंट सोडण्याआधी मी फाइल मोठी करून बघितली. डाव्या डोळ्याखाली एक डाग, करंगळीच्या नखाएवढा, चकचकीत. आमचा हात असल्या जागी आपोआप जातो, क्लोन टूल काय आणि हीलिंग ब्रश काय, डोळे मिटून होतंय. मी विचारलं, "काढू?" ती जवळजवळ ओरडलीच, "अवो काका, त्याच्यासाठीच तर केलंय सगळं!"

मशिन सुरू झालं. मोठी प्रिंट वरनं खाली येते, हेड इकडनं तिकडं जातं आणि बोटभर बोटभर चित्र बाहेर सरकतं. आधी पांढरी भिंत आली, मग केस, मग कपाळाचा वरचा भाग, आणि तिथं आमच्यातला पोरगा ओरडला दादा बंद करा, हेड चोक झालंय, पट्टा मारतंय. बघतोय तर खरंच कपाळावर आडवी रेघ, वर गोरीपान कातडी आणि खाली एकदम काळी. हेडला काय झालं नव्हतं. ती टोपीची रेघ होती. फोटोसाठी टोपी काढायला लावलेली, आणि टोपीखालचं कपाळ आयुष्यभरात उन्हाला दिसलेलंच नाही. मग भुवया आल्या, मग डोळे, आणि डोळे आल्यावर दुकानात जी चार-पाच गिऱ्हाईकं होती ती सगळी काउंटर सोडून मशिनपाशी. हनुवटीवरचे पांढरे खुंट असे दिसत होते की एकेक मोजून घ्या.

एकानं मला हळूच विचारलं, कुठल्या वॉर्डातलं उमेदवार हो? दुसरा म्हणाला, कधी वारले?

हसू आलं पण चूक त्यांची नाही. बाबुराव पेंटरांनी ज्या गावात स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार केला, ज्या गावात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा केलाय, त्या गावात आज एवढा मोठा चेहरा दोनच ठिकाणी दिसतो, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर नाहीतर श्रद्धांजलीच्या. आण्णांनीपण तेच काढलं. स्टुलावरनं उठून आले, स्वतःच्या तोंडासमोर उभं राहिले, आणि म्हणाले, "आणि मी काय निवडणुकीला उभा ऱ्हायलोय का मेलोय?" पोरगी म्हणाली, "काय न्हाई आण्णा, नुसतं बघायला." "नुसतं बघायला व्हय," असं म्हणून त्यांनी टोपी नीट केली. लाजले होते. तिला पाहिजे तसं माणूस मिळालेलं, पण ते फोटोत नव्हतं, फोटोसमोर उभं होतं.

मग तिनं लिहिलेला मजकूर आण्णांना वाचून दाखवायला घेतला, कारण चष्मा नव्हता त्यांच्याकडं. मजकुराची प्रिंट आधीच काढून झालेली. "रूफ म्हणतो फोटोत फक्त पृष्ठभाग दिसतो. पण त्याने ज्यांचे फोटो काढले ती तरुण, शिकणारी मुले होती, त्यांच्या कातडीवर अजून काही लिहिले गेले नव्हते. आमच्याकडे माणसाचे काम त्याच्या कातडीवर दिसते. आण्णांच्या डोळ्याखालचा हा डाग उकळत्या काकवीचा आहे. चाळीस वर्षे काहिलीसमोर उभे राहिलेल्या माणसाचा हा..."

"थांब थांब," आण्णा म्हणाले. "कशाचा म्हणलीस?"

"काकवीचा. काहिलीतनं उडालेला."

"न्हवं गं. ते म्हशीचं शिंग लागलंय. ल्हान होतो. सात वर्साचा असंन, पाणी दावायला नेलती." आणि डागावर बोट ठेवून, म्हणजे प्रिंटवरच्या नाही, स्वतःच्या, म्हणाले, "काकवी हितं कशाला उडंल? काकवी हातावर उडती." आणि बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत हात ठिपक्यांनी भरलेला. तो हात त्या फोटोत कुठंच नव्हता.

दुकानात जरा वेळ कोण बोललं नाही, फक्त मशिनचा पंखा. पोरीचं तोंड उतरलं. मी म्हटलं पाच मिनिटाचं काम आहे, ती ओळ काढ, मजकुराची प्रिंट परत मारून देतो, पैसे देऊ नको. ती कागदाकडं बघत राहिली, मग माझ्या काउंटरवरचं बिलाचं पेन उचललं, काकवीच्या ओळीवर एक रेघ मारली, अशी की खालचं वाचता येईल, आणि शेजारी हातानं लिहिलं, "चुकले. म्हैस. वय सात." बाकीचं तसंच ठेवलं. मला म्हणाली, "ऱ्हाऊ दे काका, असंच लावतो."

मी ह्यावर नंतर बराच विचार केला, म्हणजे रात्री अल्बम कापता कापता. रूफ म्हणतो ते बरोबर का पोरगी म्हणते ते? मला विचाराल तर अर्धंअर्धं. टोपीची रेघ बघून कुणीबी सांगेल की हा माणूस उन्हातला आहे, तिथं पोरगी बरोबर. पण डागाची गोष्ट तिनं आधी ठरवली आणि मग चेहऱ्यावर शोधली, तिथं तो जर्मन बरोबर. एवढी मोठी प्रिंट, खुंटन् खुंट दिसतोय, आणि म्हैस काय दिसली नाही कुणाला. तरी माझ्या मते त्या खोडलेल्या ओळीमुळं तिचं काम रूफच्यापेक्षा वर गेलं. रूफच्या फोटोतली माणसं गप्प उभी असतात, हिच्यातलं माणूस मधेच बोलून गेलं की. परीक्षकांना पटेल का नाही ते त्यांचं ते बघतील, खाडाखोड म्हणून मार्क कापलेपण असतील.

सनबोर्डला चिकटवून, वरनं बबल रॅप गुंडाळून दिलं. आता पावणेपाच फुटाचा बोर्ड टू-व्हीलरवरनं न्यायचा कसा, शेवटी रिक्षा बोलावली आणि आण्णांनी तो मांडीपुढं उभा धरायचा असं ठरलं. निघताना आण्णा परत आत आले. म्हणाले, "पावणं, त्याच फोटूचं ल्हान निघतील काय? बँकेत केवायसीला पायजेत."

म्हटलं निघतील की, आठ कॉपीचा सेट येतो.

"मग काढा. आणि ह्ये बघा," बोट पुन्हा डोळ्याखाली, "ह्यो डाग तेवढा पुसा. लई दिस झालं, आता कशाला ठेवायचा."

मी पोरीकडं बघितलं. ती रिक्षात बोर्ड धरून बसलेली, तिला ऐकू गेलं का नाही माहीत नाही. दोन क्लिकचं काम होतं, केलं.