‘कोड क्लिअर केला आहे, सर’

माजिवड्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की स्टिअरिंगपासून आतल्या आरशापर्यंत सगळे थरथरू लागे, आणि गायमुखच्या चढणीवर तिसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला तरी मागचा भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत पुढे निघून जाई. गाडी टर्बो पेट्रोल (म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असलेली), सुमारे सत्तर हजार किलोमीटर चाललेली, वॉरंटी संपलेली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, त्या दिवशी मी ती कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये नेली आणि तिथेच माझे हेलपाटे सुरू झाले.

पहिल्या खेपेला संध्याकाळी गाडी परत मिळाली. जॉब कार्डवर एकच ओळ होती: तपासणी केली, कोड क्लिअर केला. कोणता कोड, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने नोंदवलेला बिघाडाचा क्रमांक, होता, हे अॅडव्हायझरला सांगता येईना. दिवा चार दिवसांनी पुन्हा लागला. दुसऱ्या खेपेला चारही स्पार्क प्लग आणि चारही इग्निशन कॉइल बदलून अकरा हजार चारशे रुपयांचे बिल हातात ठेवण्यात आले. कोड अर्थात पुन्हा पुसलेला होता. कोड पुसला की त्याच्यासोबत ‘फ्रीझ फ्रेम’ही जाते, म्हणजे बिघाड नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे फेरे, तापमान आणि भार किती होता याची नोंद नाहीशी होते. रोग्याचा केसपेपर फाडून टाकायचा आणि मग त्यालाच विचारायचे की काय होते आहे, असला हा प्रकार होता. म्हणून कोणालाही किल्ली देण्यापूर्वी कोड आणि फ्रीझ फ्रेम यांचे फोटो स्वतः काढून ठेवावेत, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

त्यासाठी मी बाराशे रुपयांचा ब्लूटूथ स्कॅनर घेतला. तो स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो. तीन कोड निघाले. पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त, पी ०३०० म्हणजे कोणत्याही एका सिलिंडरपुरते मर्यादित नसलेले मिसफायर (इंधन नीट न पेटणे), आणि पी ०२९९ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. हे फोटो घेऊन मी तिसऱ्यांदा गेलो, दोन तास बाकावर बसलो, आणि शेवटी ‘सर, टर्बोच गेला आहे, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल’ असे सांगून माझ्यापुढे शहात्तर हजारांचे एस्टिमेट ठेवण्यात आले. टर्बो गेला असेल तर जागेवर उभी असलेली गाडी का थरथरते, कारण त्या वेळी टर्बो जवळपास काहीच दाब देत नाही, या माझ्या प्रश्नावर अॅडव्हायझरने स्क्रीनवरच्या तिसऱ्या कोडावर बोट ठेवले. कोड लक्षण सांगतो, सुटा भाग सांगत नाही, एवढे समजायला मेकॅनिक असावे लागत नाही. मी सही न करता गाडी बाहेर काढली.

तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका लहान गॅरेजमधील मिस्त्रींनी टर्बोला हात लावण्याआधी स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो त्याचे, आकडे पाहिले. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) लाँग टर्म, म्हणजे मुरलेली दुरुस्ती, १९ टक्के आणि त्यावर शॉर्ट टर्म, म्हणजे त्या क्षणाची, ६ टक्के. फेरे २५०० वर नेल्यावर दोन्ही मिळून जेमतेम ५. ‘साहेब, हवा कुठून तरी चोरून आत येतेय,’ ते म्हणाले. थ्रॉटलच्या (हवेच्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) बाजूला छिद्र असेल तर आयडलला तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असल्याने एअरफ्लो सेन्सरने न मोजलेली हवा आत ओढली जाते. फेरे वाढले की एकूण हवेच्या मानाने ही गळती किरकोळ ठरते. पण चढणीवर टर्बो दाब भरू लागला की त्याच छिद्रातून मोजलेली हवा बाहेर फेकली जाते. थरथर आणि मेलेला जोर या दोन्हींचे मूळ एकच होते.

स्मोक टेस्टला वीस मिनिटे लागली. एअर फिल्टरकडचे तोंड बंद करून, इंजिन बंद ठेवून, कमी दाबाने धूर आत सोडला, आणि मॅनिफोल्डच्या खालून त्याची बारीक रेघ वर आली. क्रँककेसमधील (इंजिनाच्या खालच्या कप्प्यातील) वाफा मॅनिफोल्डमध्ये नेणारा पीसीव्हीचा पाइप उष्णतेने कडक होऊन वळणावर चिरला होता. वरून पाहून तो कधीच दिसला नसता. (गरम इंजिनावर कार्ब क्लीनर फवारून गळती शोधण्याचा सल्लाही मला एका परिचिताने दिला होता. तो पेट घेणारा पदार्थ आहे; तसे करू नये.) खात्रीसाठी मिस्त्रींनी टर्बोच्या तोंडचा पाइप काढून त्याचे चाक बोटाने फिरवून दाखवले: ते सहज फिरत होते, पाती घासत नव्हती.

पाइप यायला नऊ दिवस लागले. तो, त्यातील एकदिशा व्हॉल्व्ह आणि मजुरी धरून तीन हजार दोनशे रुपये झाले, आणि मग मात्र कोड पुसणे योग्य होते. आठवडाभराने आयडलचा ट्रिम ३ टक्क्यांवर स्थिरावला आणि गायमुखला चौथ्या गिअरमध्येही गाडी अडली नाही.

कॉइल बदलण्यामागचे कारण विचारणाऱ्या माझ्या दोन ईमेलना सर्व्हिस सेंटरकडून अद्याप उत्तर आलेले नाही. चिरलेला पाइप आणि जुन्या चारही कॉइल मी डिकीत ठेवल्या आहेत. बदललेले भाग परत मागून घ्यावेत, हे आधीच सांगायला हवे होते.