तुम्ही विचारलंत म्हणून : ही दुनळी केवढ्याची, आणि अजून चालेल का?

प्रश्न बहुतेक वेळा फोटोसोबत येतो. चादरीवर आडवी ठेवलेली दुनळी बंदूक, घोड्यांवर थोडा गंज, दस्ता नुकताच पुसलेला. खाली दोन ओळी : ‘आजोबांची आहे, शंभर वर्षांची तरी असेल. केवढ्याला जाईल? आणि अजून चालेल का?’

दोन्हींचं उत्तर त्या फोटोत नसतं. ते नळ्यांच्या बुडाशी, खालच्या सपाट भागावर कोरलेलं असतं. नळ्या सुट्या केल्याशिवाय तो भाग दिसत नाही, म्हणून त्याचा फोटो कुणी पाठवत नाही.

नळ्या सुट्या करण्याआधी बंदूक रिकामी आहे ना, ते बघा. मधून मोडणारी असेल तर उघडली की कळतं. तोंडातून दारू ठासायची असेल तर ती उघडतच नाही. तिच्या प्रत्येक नळीत एक सरळ लाकडी काठी अगदी हळू, टेकेपर्यंत सोडायची, तोंडाशी खूण करायची आणि तीच काठी बाहेरून नळीला लावून बघायची. काठी मागच्या टोकापर्यंत न पोचता आधीच थांबत असेल तर आत बार भरलेला आहे असं धरून चाला. दारूला वय नसतं. कोरडी राहिली तर ती पिढ्यान्‌पिढ्या वाट बघते. तो बार स्वतः उकरू नका, बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या.

आता नावाबद्दल. नळ्यांमधल्या पट्टीवर छान अक्षरांत नाव कोरलेलं असतं आणि लोक तेच शोधत बसतात. मी ते सगळ्यात शेवटी वाचतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बेल्जियममधल्या लिएजहून स्वस्त दुनळ्या ढिगांनी बाहेर जात, आणि दुकानदार मागेल ते नाव त्यावर घातलं जाई. ‘वेस्टली रिचर्ड्स’ हे इंग्लंडमधलं मोठं नाव, म्हणून मग ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’. नावात एवढासा फरक, किमतीत जमीन-अस्मानाचा.

बुडाशी मारलेले ठसे मात्र सहसा खरं बोलतात. युरोपातल्या बहुतेक देशांत नळी विकण्याआधी तिच्यातून नेहमीपेक्षा जड बार काढून बघत आणि टिकली तर शिक्का मारत. लंडनमध्ये हे काम बंदूककारांच्या कंपनीकडे (सनद 1637 ची), बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस, म्हणजे तपासणीचं ठिकाण, 1813 चं. लंबगोलात ‘ईएलजी’ आणि तारा दिसला की बंदूक लिएजची, पट्टीवर कुणाचंही नाव असो. ‘नॉट फॉर बॉल’ (गोळीसाठी नाही) असा इंग्लिश ठसा म्हणजे चोक असलेली, म्हणजे तोंडाशी किंचित अरुंद केलेली, 1875 ते 1887 मधली नळी. बोअर (नळीच्या आतल्या रुंदीचं माप) ‘12’ ऐवजी इंचाच्या दशांशात, म्हणजे .729 असा लिहिला असेल तर तपासणी 1954 च्या नियमांनंतरची. अमेरिकेत असं सार्वजनिक प्रूफ हाऊस कधीच नव्हतं; पार्कर, फॉक्स, एल. सी. स्मिथ यांच्या बंदुकांची तारीख नंबरावरून काढावी लागते.

चाप ओढल्यावर आपटणारे घोडे बाहेर आहेत म्हणजे फार जुनी, हेही खरं नाही. अँसन आणि डीली यांची बिनघोड्यांची रचना 1875 ची, पण बाहेरच्या घोड्यांच्या बंदुका विसाव्या शतकातही बनत राहिल्या.

आता ‘चालेल का’. नळीवर पाण्यात रंग विरघळल्यासारखी नक्षी असेल तर ती बहुधा दमास्कस : लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, सळईभोवती गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेल्या. (कधीकधी साध्या नळीवर नक्षी नुसती उमटवलेलीही असते.) नळी म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत सांधाच. काळ्या दारूची राख ओलावा धरते, आणि सांध्यात शिरलेला गंज बाहेरून दिसत नाही. शिवाय काळ्या दारूचा दाब मागच्या बाजूला चढून लवकर उतरतो, म्हणून तिथे नळी जाड आणि पुढे पातळ. आजच्या काडतुसांतली बिनधुराची दारू तो दाब पुढेपर्यंत टिकवते, म्हणजे नेमका नळी पातळ असते तिथे. सगळ्या दमास्कस नळ्या फुटतात असं नाही. बिनधुराच्या दारूची तपासणी पास झालेल्याही आहेत. 1904 नंतर ब्रिटनमध्ये त्यासाठी ‘एनपी’ ही अक्षरं असत, बर्मिंगहॅमला त्यांवर मुकुट, लंडनला तलवार धरलेला हात. पण ठसा त्या दिवसापुरता असतो. नंतर कुणी गंज काढायला नळी आतून घासून पातळ केली असेल तर शिक्का तसाच राहतो, नळी मात्र ती राहत नाही. म्हणून जाणकाराने भिंतीची जाडी मोजायला हवी. इंचाचे वीस हजारांश, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर, याच्या खाली गेली की मी बंदूक परत कपाटात ठेवायला सांगतो.

पोलादी नळीतही एक सापळा आहे, आणि त्यात चांगले अनुभवी लोक अडकतात. जुन्या बारा बोअरचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बऱ्याचदा अडीच इंचाचं असतं, आजचं काडतूस पावणेतीन इंचाचं. तरी ते आत सहज जातं! कारण काडतुसावरची लांबी तोंड उलगडल्यानंतरची असते. भरलेलं, दुमडलेलं काडतूस त्याहून आखूड असतं. बार उडाला की तोंड उलगडायला जागा मिळत नाही, छर्रे चिंचोळ्या वाटेतून जातात आणि दाब वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता वाद घालत नाही, चेंबर मोजून दाखवतो. आणि बारा बोअर बाळगणाऱ्याने वीस बोअरचं काडतूस त्याच खिशात ठेवू नये. ते चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं, मागे नळी रिकामी दिसते, माणूस दुसरं भरतो आणि चाप ओढतो.

घरी एवढं तरी करता येतं : सुट्या नळ्या बोटावर लटकवून हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा आवाज आला तर पट्टी घट्ट. खर्रखर्र आली तर कुठेतरी डाख सुटलाय. उजेडाकडे धरून आत बघा, कड्यासारखी सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे.

किमतीचं थोडक्यात. नळ्या, ॲक्शन (नळ्यांमागची यंत्रणा) आणि पुढचं लाकूड या तिन्हींवर एकच नंबर हवा. तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट दिसली तर कुणीतरी त्या कापून आखूड केल्यात, किंमत गेली. आणि कृपा करून चकाकवू नका. मूळ रंग उरलेली मळकी बंदूक पॉलिश केलेलीपेक्षा नेहमी महाग जाते. एकांनी लिएजच्या साध्या दुनळीला आरशासारखी चकाकी आणली होती. सोबत ठसेही गुळगुळीत. ती कधीची आणि कशासाठी तपासलेली, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

तेव्हा पुढचा फोटो पाठवाल तो नळ्यांच्या बुडाचा पाठवा. ठसे पुसट असतील तर खडूची भुकटी चोळा आणि दिवा बाजूने धरा.