वॉशिंग्टनमधला तो स्फोट
अमेरिकेने कालांतराने खुली केलेली चिलीविषयीची सरकारी कागदपत्रे आज दिवसभर वाचत बसलो, आणि संध्याकाळी घास घशाखाली उतरेना. ११ सप्टेंबर १९७३ रोजी चिलीच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष साल्वादोर अय्येंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथवले. पण त्या देशाची अर्थव्यवस्था जेरीस आणण्याचा आदेश अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी सीआयए या आपल्या गुप्तचर संस्थेला १९७० मध्येच दिला होता. नंतर सत्तेवर आलेले लष्करशहा पिनोशे यांच्या गुप्त पोलिसांनी माणसे उचलली, छळली, नाहीशी केली. त्यांनीच २१ सप्टेंबर १९७६ रोजी अय्येंदे सरकारातले माजी मंत्री ओर्लांदो लेतेलिएर यांना थेट वॉशिंग्टनमध्ये मोटारीखाली बॉम्ब लावून मारले. सोबतची अवघ्या २५ वर्षांची अमेरिकी सहकारी रॉनी मॉफिटही गेली. मला मात्र राहून राहून आठवतात त्या चिलीतल्या अताकामाच्या वाळवंटात आपल्या माणसांची हाडे वर्षानुवर्षे शोधत फिरलेल्या कालामा गावच्या बायका.