उलांडीची होडी

मालवणला आम्ही चार दिवसांसाठी गेलो होतो आणि तिसऱ्या दिवशी कुठेही जायचे नाही, असे सर्वानुमते ठरले. सहलीतला हाच दिवस मला सर्वांत आवडतो. घावणे खाऊन झाल्यावर यजमानीणकाकूंनी सहज सांगितले, की आज पंचमी आहे, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हा त्यांचा हिशेब. त्या हिशेबाने सकाळी दहाच्या आसपास ओहोटी होती आणि मला चित्रासाठी हवी होती तशीच दांडीच्या किनाऱ्यावरची वाळू दूरपर्यंत उघडी पडली होती.

मोरयाच्या धोंड्यापासून थोड्या अंतरावर माडाच्या सावलीत मी वही उघडली. १६६४ साली सिंधुदुर्गाच्या पायाभरणीची पूजा जिथे झाली असे सांगतात, तो हा खडक. समोर कुरटे बेटावर किल्ला. सकाळचे ऊन पूर्वेकडून थेट तटावर पडते, त्यामुळे प्रत्येक बुरुजाची सावली शेजारच्या भिंतीवर उतरते आणि नागमोडी तट कुठे आत वळतो, कुठे बाहेर येतो, ते पेन्सिलीला आपोआप कळते. दरवाजा मात्र सापडेना. तो दोन बुरुजांच्या आड असा दडवला आहे, की होडी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, हे आदल्या दिवशी आत जाऊन आल्यामुळे मला ठाऊक होते. तरीही चित्रात मी त्याला पंधरा मिनिटे शोधत बसले. शेवटी सलग तटच काढला. शत्रूला चकवण्यासाठी केलेली योजना माझ्यासारख्या निरुपद्रवी बाईवरही चालली, याची गंमत वाटली.

मग पुढ्यातली होडी घेतली. ओहोटीने ती वाळूवर एका अंगाला कलून पडली होती. तळाचा डांबराचा काळा थर, त्यावर निळ्या रंगाची उडालेली पट्टी, नाळेशी गुंडाळलेला दोर, एवढे सारे जमले आणि मी स्वतःवर खूश असतानाच मागून आवाज आला, "उलांडी खंय गेली?" एक वयस्क मच्छीमार कमरेवर हात ठेवून वहीत डोकावत होते. होडीला समांतर असणारे, दोन आडव्या दांड्यांना बांधलेले ते लाकूड मी कडेचा पसारा समजून सोडून दिले होते. "तीच नाय तर होडी उलाटतली," त्यांनी बजावले. कलावंताचे स्वातंत्र्य वगैरे शब्द त्यांच्यासमोर उच्चारण्याची माझी छाती झाली नाही.

मी मुकाट्याने उलांडी काढायला घेतली. पण एव्हाना पाणी चढू लागले होते. जी होडी मी कललेली काढली होती, ती हळूहळू सरळ होऊ लागली. पहिली दांडी काढून झाली, दुसरीची जागा मी डोळ्यांनी मोजत होते, तोच ते गृहस्थ आणखी एकाला घेऊन आले आणि दोघांनी होडी पाण्यात लोटली. मॉडेलने मध्येच उठून जावे, तसे झाले.

दुपारी बांगडा, सोलकढी आणि झोप. संध्याकाळी सासूबाईंसह सगळेच वायरीच्या दिशेने चालत निघालो. पाणी पुन्हा मागे सरत होते आणि ओल्या वाळूवर करंगळीच्या नखाएवढे खेकडे कामाला लागले होते. वाळू तोंडाशी न्यायची, तीतले खाद्य गाळून घ्यायचे आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकायची. बिळाभोवती अशा शेकडो गोळ्यांची किरणे पसरली होती. चप्पल कुठे ठेवावी, हा प्रश्नच होता. सासूबाई वाकून म्हणाल्या, "यांची रांगोळी तुझ्यापेक्षा बरी आहे हो." ते खरेच होते.

वाटेत तशाच तीन-चार होड्या लागल्या. "या होडीची दुसरी दांडी बघून काढ की," मुलाने सुचवले. मी वही उघडलीही. पण त्या दांडीचा बाक वेगळा होता, दोर वेगळ्या तऱ्हेने आवळलेला होता. वही मिटली. त्यामुळे माझ्या चित्रातली उलांडी अजूनही एकाच दांडीला बांधलेली आहे.