ॲबट्स बूबी एकच अंडे का घालतो?

ॲबट्स बूबी या समुद्रपक्ष्याचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो: जो पक्षी नामशेष होण्याच्या वाटेवर आहे, त्याने दोन वर्षांतून एकच अंडे घालावे, हा कसला हिशेब? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून हे उत्तर.

हिंदी महासागरातील ख्रिसमस बेट हे ऑस्ट्रेलियाच्या अखत्यारीतले बेट आता त्याचे एकमेव विणीचे ठिकाण उरले आहे. तिथल्या वर्षावनातील उंच झाडांच्या शेंड्याजवळ तो काटक्यांचे घरटे रचतो आणि साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडे घातले जाते. नर आणि मादी ते सुमारे आठ आठवडे आळीपाळीने, पायांच्या पडद्याखाली धरून उबवतात. पिल्लाला उडायला पाच महिन्यांच्या आसपास लागतात. पण उडता आले म्हणून ते स्वतंत्र होत नाही, तर पुढेही कित्येक महिने त्याच घरट्यावर परतून आईबापांच्या चोचीतून अन्न घेत राहते. नेमका हाच वादळी पावसाचा काळ असतो, आणि दूर समुद्रातून मासे आणताना एकाचेच पोट भरणे जड जाते. त्यात बरीच पिल्ले उपासमारीने दगावतात. दुसरे अंडे घातले असते, तर बहुधा दोन्ही पिल्ले उपाशी राहिली असती.

शिवाय खाली पडणे म्हणजे मरणच, कारण लांब, अरुंद पंखांच्या या पक्ष्याला जंगलाच्या जमिनीवरून झेप घेता येत नाही. म्हणूनच असेल, इतर बूबींप्रमाणे जोडीदाराला चोचीने ढोसण्याऐवजी हे पक्षी अंतर राखून एकमेकांना अभिवादन करतात.

माझ्या मते हा संथपणा दोष नाहीच. वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास वीण सुरू करून काही दशके जगणाऱ्या पक्ष्याला तो परवडतो; परवडत नाही ती झाडतोड. फॉस्फेटच्या खाणींसाठी जंगल तोडले गेले, तेव्हा त्यावरची घरटी तर गेलीच, पण मोकळ्या पट्ट्यांमुळे वारा भोवऱ्यासारखा फिरू लागून शेजारच्या शाबूत झाडांवरची वीणही फसू लागली. सेशेल्समधील ज्या ॲझम्प्शन बेटावरून १८९२ मध्ये या पक्ष्याचा पहिला नमुना मिळाला, तिथून तर तो ग्वानोच्या (साठलेल्या पक्ष्यांच्या विष्ठेच्या) खाणकामापायी कायमचा गेला. ख्रिसमस बेटावर १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि जुन्या खाणींच्या जागी झाडे लावली जात आहेत. मात्र ती घरट्याजोगी उंच व्हायला काही दशके लागतील.