दोन्ही टोकं काळी

मी पुण्यात एका छोट्या कंपनीत डेटाचं काम करतो, आम्ही साखर कारखान्यांना उसाच्या रानातल्या ओलाव्याचे नकाशे काढून देतो. आमच्याकडे प्लॉट म्हणजे ग्राफ आणि फोनच्या पलीकडे प्लॉट म्हणजे शेत, त्यामुळे अर्धा गोंधळ तर तिथूनच सुरू होतो. पण त्या दिवशीचा गोंधळ खराच होता.

सकाळी दहाच्या सुमारास कारखान्याच्या शेतकी खात्यातल्या साहेबांचा फोन. आवाज शांत, आणि हे साहेब शांत बोलायला लागले की समजायचं काहीतरी बिघडलंय. म्हणाले, "तुमचा नकाशा बघून आमच्या चिटबॉयनं, म्हणजे रानोरान फिरणाऱ्या आमच्या माणसानं, दोन शेतकऱ्यांना पाणी द्या म्हणून सांगितलं. एका रानाला गरज होती. दुसरं आधीच चिबडलंय, तिथं महिनाभर वाफसा येत नाही, आणि त्यात परत पाणी सोडलंय."

मी लगेच लॅपटॉपवर नकाशा उघडला. एक रान गडद निळं म्हणजे कोरडं, दुसरं गडद लाल म्हणजे पाण्यानं भरलेलं, बाजूची पट्टी बघितली की लहान पोराला पण कळेल. म्हटलं साहेब, नकाशा तर बरोबर आहे की. तर ते म्हणाले, "आमच्या गट ऑफिसात कलर प्रिंटर नाही हो. चिटबॉय झेरॉक्स घेऊन फिरतो."

मग मी उठलो आणि आमच्याच ऑफिसातल्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर तो नकाशा काढला, आणि खरं सांगतो, पोटात गोळा आला. दोन्ही रानं काळी, एकसारखी काळी, आणि मधली बरी रानं फटफटीत पांढरी. बाजूच्या रंगपट्टीची पण तीच गत, वर काळं, खाली काळं, मधे उजेड, म्हणजे पट्टी बघून ठरवायचं म्हटलं तरी सोय नाही. बिचाऱ्या चिटबॉयनं काळं म्हणजे तहानलेलं असा अंदाज बांधला. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

ही रंगपट्टी जेट नावाची. आम्ही ग्राफ काढायला वापरतो त्या मॅटप्लॉटलिब सॉफ्टवेअरमधे वर्षानुवर्षं हाच डिफॉल्ट होता, म्हणजे काही न सांगता आपोआप लागणारा. गडद निळ्यापासून सुरू, मग आकाशी, पिवळा, आणि शेवट गडद लाल. स्क्रीनवर झगमगीत दिसतो, पण उजळपणा मधे चढतो आणि दोन्ही टोकांना पडतो. शिवाय पिवळ्या-आकाशीपाशी असे पट्टे उठून दिसतात की तिथं काहीतरी सीमा आहे असं वाटतं, आकड्यांत तसलं काही नसताना. मॅटलॅब या दुसऱ्या सॉफ्टवेअरनं 2014 मधे जेट सोडून परुला नावाची पट्टी आणली, आणि मॅटप्लॉटलिबनं जानेवारी 2017 मधे 2.0 आवृत्तीत व्हिरिडिस. तो स्टेफान व्हॅन डर वॉल्ट आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी बनवला, गडद जांभळ्यापासून पिवळ्यापर्यंत, उजळपणा एकाच दिशेनं सारखा चढत जाईल असा मोजूनमापून.

मग आमच्याकडे 2017 नंतर इतक्या वर्षांनी जेट कसा? शोधलं. आमच्या स्वतःच्या कोडच्या छोट्या लायब्ररीत वरच एक ओळ, स्टाइल 'क्लासिक', म्हणजे सगळे रंग जुन्या आवृत्तीसारखेच ठेव. नवीन आवृत्ती आली तेव्हा जुने रिपोर्ट बदलू नयेत म्हणून कोणीतरी ती टाकली, तो माणूस नोकरी सोडून गेला, ओळ राहिली. राग कोणावर काढायचा, मीच त्या फाइलमधे शंभरदा गेलोय आणि ती ओळ एकदाही वाचली नाही.

दुपारपर्यंत ओळ काढली, व्हिरिडिस लागला, प्रिंट काढली, झकास. संध्याकाळी साहेबांना पाठवली. पाच मिनिटांत फोन, "प्रिंट छान आली. पण कलरमधे बघितलं तर पिवळं रान ओलं दाखवताय तुम्ही? पिवळं म्हणजे वाळलेलं ना हो!"

बरोबरच होतं. व्हिरिडिसमधे मोठा आकडा पिवळा, आणि आमचा आकडा ओलाव्याचा. म्हणजे डिफॉल्ट चांगला असला तरी आमच्या शेताला तो उलटा होता. पट्टी उलटी केली, कोरडं पिवळं, ओलं गडद, झेरॉक्समधे पण ओली माती काळीच दिसते तशी. आमच्या विक्रीवाल्यांनी नकाशा मळकट दिसतो म्हणून कुरकुर केली, त्यांना मी काळी प्रिंट दाखवली, गप्प झाले.

एवढं झाल्यावर वाटलं सुटलो. तर शेजारच्या टेबलवरचा सहकारी, आम्ही तीन वर्षं एकत्र डबा खातो, हळूच म्हणाला, "लगे हाथ रेषांचे रंग पण बघ ना. हिरवी आणि लाल मला जवळजवळ सारखीच दिसते." मी म्हटलं कधीपासून? तर म्हणे "जन्मापासून." क्लासिकमधे दुसरी रेष हिरवी, तिसरी लाल, आणि आमचा पाऊस आणि तापमान नेमके त्याच दोन रेषांवर. तीन वर्षं हा गडी ग्राफ न बघता टेबलातले आकडे वाचून मीटिंगला बोलत होता. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण 12 मधे 1 जण असा असतो हे मला माहीत होतं, पण ते दूर कुठेतरी असतात असंच डोक्यात होतं.

नवीन स्टाइलमधे पण हिरवी-लाल होतीच, म्हणून त्याच्यासाठी ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांचा आठ रंगांचा संच बसवला, काळा, नारिंगी, आकाशी, निळसर हिरवा वगैरे. त्याला खुर्चीत बसवून एकेक रेष विचारली. सगळ्या ओळखल्या, आणि मग प्रोजेक्टरकडे बोट करून म्हणाला, "तो पिवळा तेवढा काढ रे, पांढऱ्यावर तो कुणालाच दिसत नाही."

काढला. आता सातच आहेत.