केस करून काही होतं का?

"मॅडम, पोलिसांवर केस करून काही होतं का हो?"

हा प्रश्न मला कोर्टाच्या आवारात विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, रात्री साडेअकराला फोन करूनही विचारतात. शब्द तेवढे बदलतात. कुणी 'पोलीस' म्हणतं, कुणी 'साहेब', कुणी नुसतं 'ते लोक'. गेल्या शुक्रवारी तुम्ही विचारलंत. तुमच्या भावाला चौकशीला म्हणून ठाण्यात बोलावलं, रात्रभर ठेवलं, सकाळी घरी पाठवलं. अटकेचा कागद नाही, नोटीस नाही. पाठीवर आणि मांड्यांवर पट्ट्याचे वळ. समोर दुसरे पक्षकार बसले होते म्हणून फोनवर मी "या, बोलू" एवढंच म्हणाले. तुमच्या प्रश्नाला तेवढं उत्तर पुरत नाही, म्हणून लिहायला बसले.

होतं. पण जे काही होतं ते बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांत ठरतं. निकाल यायला दहा वर्षं लागोत, ती सगळी वर्षं आपण त्या पंधरा दिवसांत जमवलेल्या कागदांवर काढतो.

असं का, ते सांगते. चोरी झाली तर पंचनामा पोलीस करतात, जबाब पोलीस घेतात, आणि चोराचा त्या कागदाशी काही संबंध नसतो. इथे मात्र ज्याच्यावर आरोप, त्याच्याच खोलीत सगळे कागद तयार होतात. स्टेशन डायरीत माणूस किती वाजता आला आणि किती वाजता गेला ते तेच लिहिणार. दवाखान्यात नेलंच तर मेडिकल यादी, म्हणजे तपासणीसाठी डॉक्टरला द्यायचं पत्र, त्यांचीच, सोबत शिपाई त्यांचाच. माझे वडील हेडकॉन्स्टेबल होते. बंदोबस्तावरून पहाटे घरी येऊन बुटांच्या नाड्या न सोडता झोपलेले मी त्यांना पाहिलंय, त्यामुळे वर्दीबद्दल माझ्या मनात तिरस्कार नाही. पण घरात मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं, डायरीत चढलं ते घडलं आणि जे चढलं नाही ते घडलंच नाही. ते हे सहज बोलत. वकिली सुरू केल्यावर मला त्याचा अर्थ कळला.

रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट आरोपीला एक प्रश्न विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" आरोपीच्या शेजारी तोच शिपाई उभा असतो, ज्याच्या सोबत त्याला परत जायचं असतं. आरोपी "नाही" म्हणतो. आदेशात एक ओळ येते, आरोपीची पोलिसांविरुद्ध तक्रार नाही. पुढे कधीही मारहाणीचा विषय निघाला की ही ओळ पहिली पुढे येते.

एकदा असाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता. त्यानेही "नाही" म्हटलं. मग सही करायला पेन दिलं, तर त्याने ते डाव्या हातात घेतलं आणि नावातलं पहिलं अक्षर तीनदा गिरवलं. मागच्या बाकावरून त्याची आई हळूच म्हणाली, "तो उजव्या हाताने लिहितो." ती मला म्हणाली नव्हती, स्वतःशीच बोलली होती. मी उठून तेवढंच कोर्टाला सांगितलं. मॅजिस्ट्रेटनी लिहिणं थांबवलं, पोलिसांना बाहेर जायला सांगितलं, दार लावून घेतलं आणि प्रश्न पुन्हा विचारला. मुलगा काही बोलला नाही, त्याने बाही वर केली. सरकारी दवाखान्याच्या एक्स-रेमध्ये कोपराखालचं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलेलं निघालं. डोक्यावर येणारी काठी अडवायला माणूस हात आडवा घालतो, तेव्हा घाव बसतो तो नेमका या हाडावर.

त्या दिवशी मॅजिस्ट्रेटनी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या. सात वर्षं झाली. दोन शिपायांच्या वेतनवाढी खातेनिहाय चौकशीत रोखल्या गेल्या. फौजदार त्या रात्री बंदोबस्तावर होते असं डायरी म्हणते. गुन्हा नोंदवून घ्यायला आम्हाला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं आणि खटला आता कुठे साक्षीपुराव्याला आलाय. पण त्या चार ओळी कुणालाही खोडता आलेल्या नाहीत. शिपाई सापडतो आणि अधिकारी सुटतो याचा मला फार राग आहे, आणि तो राग मी कोर्टातही लपवत नाही.

आता माझी चूक सांगते, कारण ती तुमच्या कामाची आहे. सुरुवातीच्या काळात एक वयस्कर गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांना ठाण्यात दोन दिवस कोंडून मारलं होतं. आधी एसपींकडे अर्ज, मग कुणा पुढाऱ्याकडे खेपा, मग "साहेब बघतो म्हणालेत" या आशेवर थांबणं, असं करत घटनेला सात महिने झाले होते. मी फिर्याद दाखल केली. समोरच्या वकिलांनी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १६१ दाखवलं. कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला किंवा दावा करायचा तर तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. आमची फिर्याद त्या मुद्द्यावर निकाली निघाली. नंतर मला कळलं की १९६६ मध्येच, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की साक्षीदाराला मारणं आणि कोंडून ठेवणं हा तपासाच्या अधिकाराचा भाग नाही, त्यामुळे त्याला या कलमाचं संरक्षण नाही. तो निकाल त्या दिवशी माझ्या हातात असता तर! मी धावत त्यांच्या घरी गेले, वरच्या कोर्टात जाऊ म्हणाले. त्यांनी हात जोडले. "बाई, आता नको." मी ती फाइल अजून टाकलेली नाही. तेव्हापासून माझ्याकडे कुणीही आलं की मी पहिला प्रश्न तारखेचा विचारते.

लोकांना वाटतं कायदाच नाही. कायदा आहे. १९८६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका विधी साहाय्य संस्थेच्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या जोडून सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यावर डिसेंबर १९९६ मध्ये निकाल आला आणि अटकेच्या वेळी पाळायच्या अकरा गोष्टी ठरल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो हवा आणि त्यावर साक्षीदाराची सही हवी, नातेवाइकाला कळवायला हवं, कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी हवी. आज यातलं बरंच कायद्यातच आलंय. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, हे २०१३ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या निकालाने पक्कं आहे. तरी आपल्याला एन.सी.चा, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीचा, कागद देऊन वाटेला लावतात.

मंजुरीचा अडथळा मात्र खरा आहे. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल काही लोकसेवकांवर खटला चालवायला आधी सरकारची परवानगी लागते. जुन्या संहितेत ते कलम १९७ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेत २१८ आहे. फायली मंत्रालयात वर्षानुवर्षं पडून राहत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कलमात एक चांगली गोष्ट आली. १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी दिली असं धरलं जातं. आमच्यासारख्यांना याची किंमत कळते. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या तक्रारींपासून आडोसा हवा, हे मला मान्य आहे. पण कोठडीत हाड मोडणं हे कुठल्या कर्तव्यात बसतं?

केसने काय होतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. १९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. उच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केल्याचं दिसत नव्हतं, म्हणजे संमती होती असा अर्थ काढला गेला. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतला बलात्कार वेगळा, जास्त शिक्षेचा गुन्हा झाला, आणि संबंध सिद्ध झाल्यावर बाई "संमती नव्हती" म्हणाली तर कोर्टाने ते गृहीत धरायचं असं ठरलं. तिला स्वतःला काही मिळालं नाही. हे वाक्य लिहिताना मला दर वेळी थांबावं लागतं. तिच्यानंतर ठाण्यात गेलेल्या प्रत्येक बाईला मात्र तिच्या केसचं कवच आहे.

भरपाईबद्दलही तुम्ही विचाराल. १९६८ मध्ये निर्दोष सुटूनही बिहारमधला एक माणूस १९८२ पर्यंत तुरुंगातच होता, पुरी चौदा वर्षं. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने त्याला ३५ हजार रुपये द्यायला लावले. रक्कम किरकोळ, पण मूलभूत हक्क मोडला तर सरकारने पैसे मोजायचे, ही वाट तिथून मोकळी झाली. ओडिशातल्या नीलबती बेहेरा रात्री चौकीत मुलासाठी जेवण घेऊन गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या बावीस वर्षांच्या मुलाचं प्रेत रेल्वे रुळावर सापडलं. पोलीस म्हणाले, पळून गेला आणि गाडीखाली आला. आईने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, कोर्टाने त्यालाच याचिका मानलं आणि १९९३ मध्ये दीड लाख रुपये दिले. हा पैसा सरकारी तिजोरीतून येतो, म्हणजे तुमच्याआमच्या करातून. मारणाऱ्याच्या पगारातून तो वसूल व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. अलीकडे काही आदेशांत तसं येतंही, पण खात्याने तो पाळला का हे पाहायला वकिलालाच परत परत जावं लागतं.

आणि तुमच्या घराला काय सोसावं लागेल तेही सांगते. "मिटवून घ्या" म्हणून माणसं येतील. कुणीतरी तुमच्या भावावर जुन्या तारखेची तक्रार शोधून काढेल. ओळखीचे लोक चहाच्या टपरीवर विषय बदलतील. तारखांना रजा टाकून यावं लागेल आणि साहेब आले नाहीत म्हणून परत जावं लागेल. एवढं ऐकून कुणी नको म्हणालं तर मी त्याला भित्रा म्हणत नाही. दोन पोरं पदरात असलेल्या माणसाला धीर कसला द्यायचा? पण नको म्हणायचं असेल तरी कागद आधी करून ठेवा. मन बदललं तर दार उघडं राहतं.

तर तुमच्या भावाचं. तुम्ही सांगितलेल्या तारखेपासून आज बारा दिवस झाले. माराचा वण आधी लाल असतो, मग निळाकाळा होतो, पाचव्या-सहाव्या दिवशी हिरवट, आठवड्यानंतर पिवळा, आणि साधारण दोन आठवड्यांत कातडी पहिल्यासारखी दिसते. म्हणजे दाखवायला तुमच्याकडे दोनेक दिवस आहेत. उद्या सकाळीच त्याला सरकारी दवाखान्यात न्या आणि कुणी मारलं, कधी, कशाने, हे डॉक्टरला तोंडाने सांगायला लावा. "पडलो" म्हणू नका, केसपेपरवर तेच उतरेल. फोटो उजेडात काढा, चेहरा आणि वण एकाच फोटोत येऊ द्या.

त्या रात्री कोण कोण हजर होतं ते त्याला आठवेल तसं लिहू द्या. नावं माहीत नसतील तर उंची, मिशी, कुणी कुणाला कशी हाक मारली, खोलीत काय काय होतं, सगळं. नुसतं "पोलिसांनी मारलं" असं लिहिलं की कुणीच मारलेलं नसतं.

ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण मी बघते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात आवाजासकट कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने जपायला सांगितलंय. "मशीन बंद होतं" असं उत्तर येईल, ते आपल्याला लेखी हवंय. एसपींना अर्ज, राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला अर्ज आणि मॅजिस्ट्रेटपुढची फिर्याद, तिन्हींचे मसुदे मी रविवारी करून ठेवते. मानवी हक्क आयोगाला वर्षभराची मुदत आहे, ते नंतर बघू.

सोमवारी साडेदहाला कोर्टात या, बाररूमच्या बाहेर. येताना दवाखान्याचा कागद, त्याच्या मोबाइलवर ठाण्यातून आलेल्या फोनचा स्क्रीनशॉट, आणि त्या रात्री अंगात असलेला शर्ट आणा. धुतला नसेल तर तसाच, कागदी पाकिटात घालून.